कोणता चालून राहिला?

बर्डीच्या बाजारात मिक्सर घ्यायला आलेला असो, मोबाईल घ्यायला आलेला असो की पोरासाठी व्हिडिओ गेम बघायला आलेला असो, अस्सल नागपूरकर काउंटरवर कोपर टेकून आधी एकच विचारतो, "भाऊ, सध्या कोणता चालून राहिला?" 'कोणता चांगला?' हा प्रश्न त्यानंतर येतो, आला तर. ऐकणाऱ्याला ही मेंढरांची चाल वाटेल. मिक्सरच्या बाबतीत ती असेलही. शेजारणीनं कोणता मिक्सर घेतला यावर आपली चटणी बारीक किंवा जाडी होत नाही. गेम कन्सोलचं मात्र तसं नाही. तिथं शेजाऱ्यानं काय घेतलं यावर आपल्या वस्तूची किंमत ठरते. त्याच्याशी ऑनलाइन खेळता येईल का, त्याची डिस्क आपल्या डब्यात चालेल का, आपल्याला हवा तो गेम या डब्यासाठी निघेल का, हे सगळं तोच डबा आणखी किती जणांनी घेतला यावर अवलंबून असतं. अर्थशास्त्रात याला 'नेटवर्क इफेक्ट' म्हणतात. बर्डीवर त्याला 'चालून राहणं' म्हणतात.

अडचण एवढीच, की हा प्रश्न ज्या दिवशी सगळ्यात जास्त विचारला जातो, त्या लाँचच्या दिवशी त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्या दिवशी अजून काहीच चालून राहिलेलं नसतं.

चुन्याच्या रेषा

10 नोव्हेंबर 2020 रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्सची दोन नवी यंत्रं भारतात आणली. सिरीज एक्स 49,990 रुपयांना आणि धाकटं सिरीज एस 34,990 रुपयांना. सोनीचं प्लेस्टेशन 5 अमेरिकेत त्याच आठवड्यात दुकानांत आलं, भारतात यायला मात्र 2 फेब्रुवारी 2021 उजाडला. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत तीच, 49,990. दोन्ही मोठ्या यंत्रांच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या चिपा. एकाची ग्राफिक्स ताकद 12 टेराफ्लॉप्स, दुसऱ्याची 10.28. या पावणेदोन टेराफ्लॉप्सवरून पोरांनी रात्री जागवल्या. पण दोन टीव्ही शेजारी ठेवून एकच गेम लावला, तर कोणत्या टीव्हीला कोणता डबा जोडलाय हे घरातल्या कुणाला ओळखता येणं कठीण होतं.

मग पन्नास हजार रुपयांत घेणारा नेमकं काय घेत होता? नागपूरकराला हे समजायला ले-आउटचं उदाहरण पुरतं. बेसा, बेलतरोडीकडे ज्यांनी सुरुवातीला प्लॉट घेतले, त्यांना आठवत असेल: काळी जमीन, त्यावर चुन्याच्या रेषा आणि कोपऱ्यात एक बोर्ड. नकाशात बगिचा असतो, शाळा असते, मंदिर असतं, तीस फुटी रस्ता असतो. जमिनीवर यातलं काहीही नसतं. अशा वेळी शहाणा माणूस मातीचा पोत विचारत नाही. तो विचारतो, कोण-कोण घेऊन राहिलं? चार घरं उभी राहिली की किराणा दुकान येतं, किराणा आला की आणखी दहा जण बांधकाम काढतात, मग ऑटो आत येऊ लागतो. घरं आलीच नाहीत तर गाजरगवत येतं.

नवा कन्सोल हा असाच प्लॉट आहे. घरं म्हणजे खेळणारे, किराणा दुकानं म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपन्या. जिथं यंत्रं जास्त विकली गेलीत तिथं गेम काढणं परवडतं, आणि जिथं गेम आहेत तिथं लोक यंत्र घेतात. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. ही कोंडी फोडायला ले-आउटवाला पहिले प्लॉट स्वस्तात काढतो, तसं कन्सोलवालाही करतो. 2006 साली आयसप्लाय या संस्थेनं प्लेस्टेशन 3 उघडून आतल्या भागांचा हिशोब मांडला, तेव्हा 599 डॉलरला विकलं जाणारं यंत्र बनवायला सुमारे 840 डॉलर लागत असल्याचा अंदाज निघाला. 2021 मध्ये एका अमेरिकन खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानं साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्सच्या नुसत्या यंत्रविक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. मिळकत पुढे असते. दुसऱ्या कंपनीचा गेम विकला गेला की त्यातला साधारण 30 टक्के वाटा यंत्रवाल्याचा, शिवाय ऑनलाइन खेळण्याची वर्गणी. प्लॉट स्वस्त, डेव्हलपमेंट चार्ज जन्मभर.

जेव्हा कुंपणंच नव्हती

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ही निवड कधी करावीच लागली नाही. तेव्हा घरात यायचा तो 'व्हिडिओ गेम', आणि त्याला लागायची 'कॅसेट'. डब्यावर लिटल मास्टर लिहिलेलं असो की मीडिया, आतला जीव एकच होता. जपानी निन्टेंडोनं 1983 साली काढलेल्या फॅमिकॉमची ती परवानगीविना केलेली नक्कल होती. त्यामुळे या वाड्यातली कॅसेट त्या वाड्यातल्या डब्यात बसायची. मारियो, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम अशी देवाणघेवाण उन्हाळाभर चालायची. डब्याची कंपनी कुणी विचारत नसे, कारण रस्ता सगळ्यांचा एक होता.

याच काळात सेगाची खरीखुरी यंत्रंही भारतात मिळू लागली. ती आणली होती शॉ वॉलेसनं, म्हणजे दारूच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं. यंत्र नकलेपेक्षा कितीतरी सरस, चित्र सुंदर. पण त्यात गल्लीतल्या कुणाचीच कॅसेट बसत नव्हती. सरस यंत्र बाजूला राहिलं आणि नकली डबा घराघरांत पोचला. या धंद्यातला पहिला धडा भारतीय पोरांनी असा फुकटात घेतला.

जुन्या वस्तीतलं नवं मंदिर

खऱ्या अर्थानं दोन कंपन्यांमध्ये निवडायची पाळी भारतीय गिऱ्हाइकावर आली ती 2006-07 मध्ये. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 आणला. साधं मॉडेल 19,990 रुपये, मोठं 23,990. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. सोनी एप्रिल 2007 मध्ये प्लेस्टेशन 3 घेऊन आली, किंमत 39,990. कागदावर लढाई सरळ दिसत होती: एक स्वस्त आणि आधी आलेला, दुसरा महाग पण ब्लू-रे डिस्क चालवणारा.

प्रत्यक्षात दोघांनाही आडवा आला तो घरोघरी असलेला जुना प्लेस्टेशन 2. जपानमध्ये तो मार्च 2000 मध्ये आला होता. तो डीव्हीडी प्लेयर म्हणूनही चालायचा, त्यामुळे आईवडिलांसमोर त्याची बाजू मांडणं सोपं जायचं. चिप बसवून घेतली की चोरीच्या डिस्काही चालायच्या आणि त्या देशभर उघड्यावर विकल्या जायच्या, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण गंमत वेगळीच आहे. प्लेस्टेशन 3 बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा, म्हणजे 2009 मध्ये, याच जुन्या यंत्रासाठी हैदराबादच्या कंपन्यांनी भारतीय गेम काढले. एक 'हनुमान: बॉय वॉरियर', दुसरा 'देसी अड्डा', ज्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंगबाजी होती. पाठोपाठ मुंबईच्या ट्राइन कंपनीनं गल्ली क्रिकेटचा गेम काढला. गेम कसे होते हा भाग सोडा. ते निघाले कुठं ते बघा. नव्या चकचकीत ले-आउटमध्ये नाही, जुन्या महाल वस्तीत. कारण माणसं तिथं राहत होती.

जगभरात प्लेस्टेशन 2 ची विक्री 16 कोटींच्या घरात गेली. आजवर कुठल्याही घरगुती कन्सोलनं तो आकडा ओलांडलेला नाही.

एक्सबॉक्स 360 आधी घेणाऱ्यांच्या नशिबी दुसराच भोग आला. यंत्र चालता चालता बंद पडायचं आणि समोरच्या गोल बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते; या आकुंचन-प्रसरणानं चिपखालचे बारीक सांधे तडकत होते. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुढच्या आवृत्त्यांत हा दोष कमी होत गेला. म्हणजे ज्यांनी थांबून घेतलं त्यांना तोच डबा अधिक टिकाऊ मिळाला, आणि ज्यांनी धावत जाऊन घेतलं त्यांच्या घरी कंपनीची परीक्षा झाली.

डिस्क कुणाची?

2013 ची लढाई मात्र लाँचच्या आधीच संपली. मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की एक्सबॉक्स वन दिवसातून एकदा तरी इंटरनेटला जोडावा लागेल आणि वापरलेल्या डिस्का दुसऱ्याला द्यायला, विकायला बंधनं असतील. जूनमध्ये सोनीनं मंचावर उलटं जाहीर केलं. शिवाय एक छोटी चित्रफीत काढली: प्लेस्टेशन 4 चा गेम मित्राला कसा द्यावा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो. संपली. मायक्रोसॉफ्टनं 19 जून 2013 रोजी ती बंधनं मागे घेतली, पण बूंद से गई ती गेलीच.

अमेरिकेत दोघांच्या किमतीत शंभर डॉलरचा फरक होता, 399 आणि 499. भारतात काय झालं? प्लेस्टेशन 4 इथं 18 डिसेंबर 2013 ला 39,990 रुपयांना आला. एक्सबॉक्स वन यायला 23 सप्टेंबर 2014 लागला, आणि सोबतचा कॅमेरा न घेता त्याची किंमत होती तीच, 39,990. किमतीतला फरक नाहीसा झाला होता. तरी उपयोग झाला नाही. नऊ महिन्यांत पोरांनी फिफाच्या डिस्का आपसात फिरवायला सुरुवात केली होती, गेमिंग पार्लरमध्ये हात प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर बसले होते. वस्ती वसून गेली होती.

तरीही त्या पहिल्या दिवशी धावलेल्यांना काय मिळालं, हे बघण्यासारखं आहे. त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला गेम, जीटीए 5, सप्टेंबर 2013 मध्ये जुन्या कन्सोलवर आला होता. नव्यावर तो नोव्हेंबर 2014 मध्ये पोचला. जामठ्याच्या स्टेडियमवर जीव टाकणाऱ्या या गावात क्रिकेटचा गेम हवाच. तर 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14' हा 2014 मध्ये आधी जुन्या प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 वर निघाला, नव्या यंत्रांना 2015 पर्यंत थांबावं लागलं. 2020 मध्येही तेच. 'हेलो इन्फिनिट' हा एक्सबॉक्सचा हुकमी गेम यंत्राबरोबर येणार होता, तो वर्षभर लांबून डिसेंबर 2021 मध्ये आला. प्लेस्टेशन 5 चा मोठा 'गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक' 2022 च्या नोव्हेंबरात आला, आणि तोही जुन्या प्लेस्टेशन 4 वर चालत होता. नकाशातला बगिचा फुलायला दोन वर्षं लागतात, हा या धंद्याचा जवळजवळ नियम आहे.

डब्यावर न लिहिलेला खर्च

2020 च्या यंत्रांमध्ये निवडताना 34,990 चं सिरीज एस सगळ्यात स्वस्त दिसायचं. त्यात डिस्क टाकायची खाचच नव्हती. आपल्याकडे मोठा नवा गेम चार-पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर संपल्यावर विकता येते, बदलून घेता येते, भाच्याला देता येते. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला चिकटतो. प्लॉट तुमचा आहे, पण आरएल (रेग्युलरायझेशन लेटर) नाही, म्हणून विकता येत नाही, असला तो प्रकार. वर्षाला तीन-चार मोठे गेम घेणाऱ्याला यंत्रात वाचलेले पंधरा हजार दोन वर्षांत परत मोजावे लागू शकतात. उलट, जो महिन्याच्या वर्गणीतून मिळतील तेच गेम खेळणार आहे आणि डिस्क कधीच घेणार नाही, त्याला तीच खाच फुकटचा खर्च आहे. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, घरातल्या सवयीचा आहे.

दुसरी गोष्ट जागेची. सिरीज एसवर 512 जीबी लिहिलेलं असतं, पण गेमसाठी मोकळे मिळतात सुमारे 364. सुरुवातीच्या प्लेस्टेशन 5 च्या 825 पैकी सुमारे 667. एकेक मोठा गेम शंभर जीबीचा. तेव्हा पहिल्यात तीन बसतात, दुसऱ्यात सहा. जागा करायला गेम काढला आणि पुन्हा हवासा वाटला, तर 50 एमबीपीएसच्या जोडणीवर शंभर जीबी उतरायला साडेचार तास लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर.

तिसरी गोष्ट कराची. अमेरिकेत 499 डॉलरचा डबा तेव्हाच्या दरानं सुमारे 37 हजारांचा होता, आपल्याकडे 49,990. अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आणि आपल्या किमतीत आयात शुल्क, जीएसटी, वाहतूक सगळं असतं. व्हिडिओ गेम कन्सोलवरचा जीएसटी जानेवारी 2019 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता, नाहीतर आकडा आणखी चढला असता. निन्टेंडो तर भारतात अधिकृतपणे यंत्र विकतच नाही. 2017 चा स्विच असो की जून 2025 मध्ये आलेला स्विच 2, इथं मिळतो तो बाहेरून कुणीतरी आणलेला. गेम उत्तम आहेत, पण बिघडला तर कंपनीचं दार नाही, हे समजून घ्यावा.

आणि चौथी गोष्ट नागपूरची स्वतःची. प्लेस्टेशन 5 च्या पुस्तिकेत यंत्र 5 ते 35 अंश तापमानात चालवावं असं लिहिलंय. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. पंखा चिपेची उष्णता फक्त खोलीतल्या हवेला देऊ शकतो. हवाच 40 अंशांची असेल तर पंखा कितीही ओरडला तरी चिप त्याखाली जाणं शक्य नाही. मग यंत्र वेग कमी करतं, नाहीतर इशारा देऊन बंद पडतं. खोलीत कूलर हवाच, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओलसर झोत थेट डब्यावर नको. टीव्हीच्या बंद कपाटात डबा कोंबणं तर मेमध्ये त्याला भट्टीत घालण्यासारखं आहे. वीज जाण्याचीही सोय बघावी. खेळताना यंत्र साधारण दोनशे वॉट ओढतं, टीव्ही वेगळा. घरातला इन्व्हर्टर तेवढं पेलतो का, हे विजेचं काम करणाऱ्याला आधी विचारून घ्यावं. गेम साठवत असतानाच वीज गेली तर महिन्याभराची मेहनत बिघडू शकते. हे मुद्दे कुठल्याही चकचकीत तुलनेत येत नाहीत, कारण ती लिहिणारे थंड गावात बसलेले असतात.

थांबण्याचा भाव

'थोडं थांब, स्वस्त होईल' हा आईवडिलांचा सल्ला एके काळी पक्का होता. 599 डॉलरचा प्लेस्टेशन 3 तीन वर्षांत 299 वर आला होता. या पिढीत तो सल्ला फसला. चिपा महागल्या, रुपया घसरला, आणि भारतात प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2022 मध्ये 49,990 वरून 54,990 वर गेला. अमेरिकेतही 2025 मध्ये दोन्ही कंपन्यांनी किमती वाढवल्या. म्हणून थांबून पैसे वाचतीलच असं आता सांगता येत नाही. थांबल्यानं मिळते ती माहिती: कोणते गेम खरंच आले, कोणतं यंत्र तापतं, मित्र कुठं गेले.

दरम्यान कुंपणंही खाली येऊ लागली आहेत. 2024 पासून मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्सपुरते राखलेले आपले गेम प्लेस्टेशनवर देऊ लागली. 'फोर्झा होरायझन 5' एप्रिल 2025 मध्ये तिथं पोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीचा 'हेलडायव्हर्स 2' एक्सबॉक्सवर आला. एका ले-आउटचा रस्ता दुसऱ्याला जोडला जातोय. पण खात्यावर घेतलेले गेम, मित्रांची यादी आणि घरातल्या जुन्या डिस्का अजूनही कुंपणाच्या अलीकडेच राहतात. प्लेस्टेशन 4 च्या बहुतेक सगळ्या डिस्का डिस्कवाल्या 5 मध्ये चालतात. ज्याच्याकडे त्या दहा-बारा पडल्या आहेत, त्याची निवड बरीचशी आधीच झालेली असते.

म्हणून पुढचा लाँच येईल, टेराफ्लॉप्सचे आकडे पुन्हा उधळले जातील, तेव्हा एक काम करावं. वापरलेल्या डिस्का ठेवणाऱ्या दुकानात जावं आणि नव्या यंत्राच्या नावाची फळी बघावी. पहिल्या महिन्यात तिच्यावर काहीच नसतं. सहाएक महिन्यांत चार डिस्का येतात. त्या गेमना लोक कंटाळले हे कळतं, आणि कुठले गेम अजून कुणी परत आणले नाहीत हेही कळतं. वर्षा-दीडवर्षात फळी भरते. तेव्हा काउंटरवर कोपर टेकून तोच जुना प्रश्न विचारावा. आता दुकानदाराकडे त्याचं उत्तर असतं.